बाथरूम गळतंय, खालच्यांच्या छताला ओल आलीये, खर्च भाडेकरूचा की मालकाचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोथरूडला दुसऱ्या मजल्यावर टू बीएचके, लिव्ह अँड लायसन्सवर घेऊन दीड वर्ष झालं, बिल्डिंग १९९६ ची. खालच्या फ्लॅटच्या बाथरूमच्या छताला ओल आलीये, रंगाचे पोपडे पडतायत, एका कोपऱ्यात थेंब थेंब ठिबकतंय, आणि खालच्या काकू रोज बेल वाजवतायत. मालक बंगळुरूला असतात, ते फोनवर म्हणाले की बाथरूम तुम्ही वापरता, तेव्हा ३८ हजाराचं काम तुमच्या डिपॉझिटमधून कापून घेणार. हे बरोबर आहे का, असं विचारलंय.

मी बावीस वर्षं पुण्यात प्लंबिंग आणि वॉटरप्रूफिंगची कामं घेतोय आणि गेली दहाएक वर्षं बाहेरगावी असलेल्या मालकांचे फ्लॅट सांभाळायचं कामही करतो, त्यामुळे भाडेकरूचाही फोन मलाच येतो आणि मालकाचाही मलाच येतो. तेव्हा दोन्हीकडची बाजू सांगतो, जरा लांबेल.

आधी उत्तर. नाही, "वापर तुमचा म्हणून खर्च तुमचा" असं सरसकट नसतं. बाथरूम वापरायलाच दिलंय, त्याचं भाडं तुम्ही भरताय, आणि रोज आंघोळ केली म्हणून जमिनीखालचा पाईप खराब झाला असं कोणी म्हणू शकत नाही. पण म्हणून आपलं काहीच देणं लागत नाही असंही आत्ताच म्हणू नका, कारण पाणी नेमकं कुठून येतंय हे अजून कोणालाच माहिती नाहीये. मालकांनी ३८ हजार हा आकडा कोणाकडून घेतला, त्या माणसानं बाथरूम बघितलं का, हे पहिलं विचारा. माझा अनुभव असा की दहातल्या सात-आठ भांडणांत कारण सापडायच्या आधीच पैशाचं बोलणं सुरू झालेलं असतं आणि मग कारण सापडलं तरी कोणी ऐकायच्या मनस्थितीत राहत नाही.

तर कारण शोधायचं कसं. बाथरूममधनं खाली पाणी जायला साधारण तीन वाटा असतात. एक म्हणजे प्रेशरची लाइन, टाकीतनं नळाला येणारा भिंतीतला पाईप. दुसरी म्हणजे वापरलेलं पाणी वाहून नेणारी लाइन, नहाणी ट्रॅप (फरशीतलं जाळीखालचं पाणी जायचं तोंड), कमोडचा जॉइंट, बेसिनचा वेस्ट पाईप. आणि तिसरी म्हणजे फरशीच, टाइलचे सांधे उघडे पडले आणि खालचं वॉटरप्रूफिंग संपलं की पाणी टाइलखालच्या कोब्यात मुरत राहतं आणि हळूहळू स्लॅबमधनं खाली उतरतं.

हे तुम्ही स्वतः दोन-तीन दिवसांत बऱ्यापैकी ओळखू शकता, फक्त खालच्या काकूंना विश्वासात घ्या आणि त्यांच्या छताला ओलीजवळ लाइट असेल तर तो बंद ठेवायला सांगा, हे विसरू नका. ठिबकतंय तिथे खाली बादली ठेवायची. पहिल्या रात्री झोपताना ते बाथरूम अजिबात वापरायचं नाही पण व्हॉल्व्ह चालू ठेवायचा, सकाळी बादलीत किती पाणी साठलं ते पेनानं खूण करून ठेवायचं. दुसऱ्या रात्री तसंच वापरायचं नाही, पण बाथरूमचा व्हॉल्व्हही बंद करायचा. बरेच लोक फक्त दुसरी रात्र करतात आणि ठिबकायचं थांबलं की म्हणतात पाईपच गळतोय, पण तसं नाही, रात्री बाथरूम कोणी वापरत नाही म्हणून वेस्टची गळतीसुद्धा थांबतेच की. पहिल्या रात्री ठिबकत राहिलं आणि दुसऱ्या रात्री थांबलं किंवा एकदम कमी झालं तरच प्रेशर लाइनचा संशय घ्यायचा. दोन्ही रात्री थांबलं तर वापराच्या पाण्याचा. स्लॅबमध्ये मुरलेलं पाणी नंतरही काही तास गळत राहतं, तेव्हा एकाच रात्रीवर निकाल लावू नका.

वापराच्या पाण्याचा संशय आला की नहाणी ट्रॅपच्या तोंडात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं फडकं घट्ट बसवा आणि बाथरूममध्ये इंचभर पाणी भरून दिवसभर ठेवा. खाली गळती वाढली तर फरशी आणि सांधे, नाही वाढली तर फडकं काढून ते सगळं पाणी एकदम सोडा, आणि त्यानंतर खाली ठिबकलं तर ट्रॅप किंवा पुढचा पाईप. पाण्यात नीळ टाका असं सगळे सांगतात, टाका, पण स्लॅबमधनं उतरताना रंग बऱ्याचदा गाळला जातो आणि खाली स्वच्छच पाणी पडतं, म्हणून निळं पाणी आलं नाही म्हणजे आपली गळती नाही असा अर्थ काढू नका. आणि खाली आधीच धार लागल्यासारखं पडत असेल तर हा प्रयोग करूच नका, सरळ माणूस बोलवा.

आता कारणावरनं खर्च कोणाकडे जातो ते सांगतो.

प्रेशर लाइन असेल तर मालक. तुमची बिल्डिंग १९९६ ची म्हणजे आत जीआयचा, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाईप असणार, नंतर कोणी बदलून सीपीव्हीसीचा, म्हणजे प्लॅस्टिकचा टाकला नसेल तर. सकाळी पहिली बादली तांबूस येते का बघा, येत असेल तर पाईप आतनं गंजलेला आहे. असले पाईप मी शेकड्यानं काढलेत, अर्ध्या इंचाच्या पाईपात गंज साचून साचून पेन्सिल जाईल एवढंच भोक उरलेलं असतं आणि आटे हातात घेतले की भुगा होतो. त्यात दीड वर्ष राहिलेल्या माणसाचा काय संबंध.

इथेच एक नेहमीचं भांडण सांगतो. भाडेकरूच्या बेसिनखालचा अँगल कॉक, म्हणजे भिंतीतनं येणारं पाणी बंद करायचा छोटा नळ, गळत होता, त्यानं नाक्यावरचा प्लंबर बोलावला, प्लंबरनं पाना लावून फिरवला आणि भिंतीतली निप्पलच, म्हणजे जोडायचा आखूड पाईप, तुटली, घरभर पाणी. मालक म्हणाले तुमच्या माणसानं मोडलं, भरा. मी तुटलेला तुकडा बघितला, कडेला चकचकीत धातूची एक बारीक रेघ आणि बाकी सगळा जुना काळा गंज. म्हणजे ती निप्पल आधीच जवळजवळ तुटलेली होती, हात लावायचाच अवकाश होता. तो तुकडा त्या मुलानं फेकून दिला नव्हता म्हणून मला मालकांना दाखवता आला आणि त्यांनी खर्च दिला. तेव्हा काढलेला पार्ट, वॉशर, पाईपचा तुकडा काहीही असो, पिशवीत घालून ठेवा, फोटोवर गंज नीट दिसत नाही.

वेस्ट लाइन असेल तर दोन भाग पडतात. नहाणी ट्रॅपचा फरशीशी असलेला जॉइंट सुटला, जमिनीखालचा पाईप तडकला, कमोडचा खालचा जॉइंट गेला, हे मालकाचं. पण लाइन तुंबली आणि पाणी उलटं येऊन पसरलं, आणि आतनं केस, साबणाचे तुकडे, पोछ्याची चिंधी निघाली तर साफसफाईचा खर्च राहणाऱ्याचा. किचन सिंकमध्ये भात आणि तेल जाऊन तुंबलं तरी तसंच. बेसिनखालचा वेस्ट पाईप, नळाचं वॉशर, फ्लश टाकीतला बॉल कॉक, जेट स्प्रे, असलं सगळं शंभर-पाचशे रुपयांचं सामान राहणाऱ्यानं बदलायचं, त्यावर मालकाला फोनही करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. फक्त घर घेतल्यावर पहिल्या महिन्यात ते गळायला लागलं तर ते आधीपासूनचंच असतं, ते मालकाकडून करून घ्या.

फरशी आणि वॉटरप्रूफिंग असेल तर मुळात मालकाचंच, कारण इतक्या जुन्या बिल्डिंगचं वॉटरप्रूफिंग आज ना उद्या जाणारच. पण इथे भाडेकरूनं स्वतःलाच एक प्रश्न विचारावा, टाइलवर ॲसिड ओतलं होतं का? पिवळे डाग जावेत म्हणून लोक दर महिन्याला ॲसिडनं बाथरूम घासतात, टाइल चकचकीत होते आणि सांध्यातलं सिमेंट उकळ्या फुटून निघून जातं. नख घालून बघा, सांध्यात नख आत गेलं की समजायचं. असं झालं असेल तर सांधे भरून घेण्याचा खर्च तुम्ही उचला, इपॉक्सी ग्राउट (सांधे भरायचा पक्का मसाला) घालून एका बाथरूमला माझ्याकडे चार ते सहा हजार लागतात. पण मालकानं त्या निमित्तानं सगळ्या टाइल उखडून नव्या बसवल्या आणि बिल तुमच्या नावावर टाकलं तर ते द्यायचं कारण नाही, जुन्याच्या जागी नवं करून घेण्याचा फायदा त्यांच्या फ्लॅटला होणारे.

आणि सरळसरळ भाडेकरूचं म्हणजे भिंतीत ड्रिल मारताना आतला पाईप फोडला, किंवा स्वतःच्या वॉशिंग मशीनचा पाईप निघाला. एक कुटुंब गणपतीला कोकणात गेलं होतं, मशीनच्या मागचा नळ चालूच राहिला, तिसऱ्या दिवशी पाईप सटकला आणि खालच्या घरातलं फर्निचर गेलं. तो खर्च त्यांनाच भरावा लागला आणि ते बरोबरच होतं. चार दिवस बाहेर जाताना घरचा मेन व्हॉल्व्ह बंद करा हो, दोन मिनिटांचं काम आहे.

कायद्याचं आता. लोक एकमेकांना कलमं फॉरवर्ड करतात आणि त्यात मोठी गफलत असते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, जो ३१ मार्च २००० पासून लागू झाला, त्याच्या कलम १४ मध्ये लिहिलंय की उलट करार नसेल तर घर राहण्यालायक ठेवण्याची, दुरुस्तीची जबाबदारी मालकाची. भाडेकरूनं नोटीस दिल्यावर १५ दिवसांत मालकानं काम केलं नाही तर भाडेकरू स्वतः करून घेऊन भाड्यातून वळतं करू शकतो, फक्त एका वर्षात त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त नाही. हे वाचून लोक खूश होतात आणि भाडं कापतात. पण हा हक्क भाडेकरूचा, पागडीवाले, जुने भाडेकरू वगैरे, आणि तुम्ही आम्ही अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर राहतो ते कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसतोच, लायसन्सी असतो, म्हणजे जागा वापरायची नुसती परवानगी मिळालेला. त्यामुळे कलम १४ च्या जोरावर स्वतःच्या मनानं भाडं कापायला जाऊ नका, उलट तुम्हीच भाडं थकवलं असं होऊन बसेल.

लायसन्स ही गोष्ट १८८२ च्या इझमेंट्स ॲक्टमधली, कलम ५२. त्याच कायद्यात पुढे कलम ५७ आहे, ते फार कमी लोकांना माहिती असतं. जागेत काही दोष असेल ज्यानं राहणाऱ्याला किंवा त्याच्या सामानाला धोका होऊ शकतो, आणि तो मालकाला माहिती आहे पण राहणाऱ्याला नाही, तर तो सांगणं मालकावर बंधनकारक आहे. आता तुमच्या बाबतीत खालच्या काकूंना विचारा, ही ओल पहिल्यांदाच आलीये का? त्या म्हणाल्या की आधीचे भाडेकरू होते तेव्हाही आली होती आणि मालकांनी नुसता रंग मारून दिला, तर सगळी बाजूच पलटते. सोसायटीच्या फाइलमध्ये त्यांचा जुना तक्रार अर्ज असेल तर त्याची कॉपी घ्या.

बाकी लिव्ह अँड लायसन्समध्ये जे काही आहे ते करारात आहे. आत्ता उठून करार काढा आणि दुरुस्तीचं वाक्य वाचा. बहुतेक ठिकाणी "किरकोळ दैनंदिन दुरुस्ती लायसन्सीने करावी" आणि "सर्वसाधारण झीज वगळता जागा होती तशी परत द्यावी" एवढंच असतं. ही "सर्वसाधारण झीज" तुमच्या बाजूची आहे, गंजलेला पाईप आणि संपलेलं वॉटरप्रूफिंग हे झिजेतच येतं. पण काही एजंट "सर्व प्रकारच्या प्लंबिंग दुरुस्त्या लायसन्सीच्या खर्चाने" असं छापून ठेवतात आणि लोक न वाचता अंगठा लावतात. तसं वाक्य असेल तर तुमची बाजू बरीच कमकुवत होते, मग समजुतीनंच घ्यावं लागेल. आणि करार रजिस्टर झालेला आहे ना? त्याच १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे रजिस्टर करण्याची जबाबदारी मालकाची असते आणि केला नसेल तर अटींबद्दल राहणारा जे म्हणतो ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. नुसत्या नोटरीवर भागवणाऱ्या मालकांनी हे लक्षात ठेवावं.

किरकोळ म्हणजे काय आणि मोठं म्हणजे काय यावर घोळ होत असेल तर केंद्र सरकारच्या २०२१ च्या मॉडेल टेनन्सी ॲक्टची, म्हणजे भाड्याच्या घरांच्या नमुना कायद्याची यादी बघा. आपल्याकडे १९९९ चाच कायदा चालतो, त्यामुळे ती यादी बंधनकारक नाही, पण वाटणी कशी करावी याचं माप म्हणून मला ती आवडते. त्यात पाईप बदलणं मालकाकडे, भिंत-स्लॅबची कामं मालकाकडे, आणि नळ, वॉशर, ड्रेन साफ करणं, बेसिन, कमोड, गीझरची दुरुस्ती राहणाऱ्याकडे टाकलीये. गीझरचं मला पटत नाही, मालकानं दहा वर्षं जुना गीझर लावून दिला तर त्याची टाकी फुटल्यावर भाडेकरूनं का भरायचं, ते करारात वेगळं लिहून घ्या.

आता खालच्या काकूंचं. त्यांच्याशी गोडीनं वागा, रोज ओल्या छताखाली आंघोळ करणं काय असतं ते मी बघितलंय, प्लास्टरचा खडा डोक्यात पडायची भीती असते. पण त्यांच्या छताचा आणि रंगाचा खर्च तुमच्याशी ठरवायचा नाही, सोसायटीच्या हिशेबानं सभासद मालक आहेत, तुम्ही नाही. सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे (बाय-लॉज) बाहेरच्या कॉमन पाईपची, ड्रेनेज लाइनची आणि गच्चीतनं पावसाच्या पाण्याची गळती सोसायटीनं बघायची आणि संडास-बाथरूम-सिंकमुळे आतली गळती असेल तर ती त्या त्या फ्लॅटवाल्यांनी. तेव्हा डक्टमध्ये, म्हणजे बाथरूममागच्या पाईपांच्या उभ्या पोकळीत उतरून तो उभा पाईपही बघायला लावा. मागच्या पावसाळ्यात मी एका ठिकाणी बाथरूम फोडायच्या तयारीत होतो आणि गळत होता डक्टमधला कॉमन पाईप, वरच्या-खालच्या दोघांचाही काही दोष नव्हता. सेक्रेटरी आधी सूचना देऊन आत येऊन बघू शकतात, त्यांना अडवू नका, उलट बोलवाच, त्यांच्यासमोर टेस्ट झाली की नंतर कोणी शब्द फिरवत नाही. (ज्यांची बिल्डिंग नवी आहे त्यांच्या मालकांसाठी, ताबा मिळून पाच वर्षं झाली नसतील तर रेराच्या, म्हणजे बिल्डरांसाठीच्या कायद्याच्या कलम १४(३) खाली बिल्डरला कळवा, ३० दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायची जबाबदारी त्याची असते.)

एका गोष्टीत मात्र मी भाडेकरूंना सोडत नाही. माझ्याकडच्या एका फ्लॅटमध्ये सिंकखालच्या पाईपला गाठ मारून फडकं बांधलेलं होतं, खाली टमरेल, चार महिने. टमरेल भरलं की ओतायचं. मी ट्रॉली ओढली तर प्लायवूड फुगून पावासारखं झालेलं आणि मागच्या भिंतीला लोणा. पाईप दोनशे रुपयाचा होता, ट्रॉल्यांचे एकवीस हजार झाले, आणि निम्मे त्यांनी द्यावे असं मी स्वतः सांगितलं, जरी पाईप मालकाचा होता. कळवलं असतं तर दोनशेत भागलं असतं. म्हणून गळती दिसली की त्याच दिवशी मालकाला व्हॉट्सॲपवर फोटो आणि व्हिडिओ टाका, आणि सोबत एक ईमेल, फोनवर बोलणं झालं तरी "आत्ता बोलल्याप्रमाणे" म्हणून लिहून पाठवा. मालकांनीही वाचून नुसता अंगठा पाठवू नये, माणूस कधी येतोय ते सांगावं. भाडेकरूनं कळवल्याची तारीख आणि प्लंबर आल्याची तारीख यात दीड महिना असेल तर मधल्या काळात जे वाढलं ते कोणाच्या खात्यात जाणार हे मला सांगायला नको.

तुमच्यापुरतं आता. उद्या मालकांना लिहा की अमुक तारखेला ओल आल्याचं मी कळवलं, कारण शोधण्यासाठी सेक्रेटरींसमोर टेस्ट करायला तयार आहे, तुम्ही तुमचा प्लंबर पाठवा किंवा मी दोन एस्टिमेट आणतो, ठरल्याशिवाय डिपॉझिटमधनं काही कापायला माझी संमती नाही. एवढंच, जास्त कलमं लिहू नका, समोरचा माणूस चिडतो. एस्टिमेट घेताना "बाथरूम दुरुस्ती ३८,०००" असं एकरकमी नको, फोडणं, पाईप, वॉटरप्रूफिंग, टाइल, खालच्यांचा रंग असं वेगवेगळं लिहून घ्या, म्हणजे तुमच्या वाट्याचं काही निघालंच तर तेवढंच बाजूला काढता येईल. काम निघालं तर टाइल बसवायच्या आधी पाणी भरून २४ तास ठेवायला लावा आणि खाली काकूंकडे जाऊन स्वतः बघून या, मिस्त्री घाईत असतात आणि ही टेस्ट न करता सिमेंट ओततात. बाथरूम चार-पाच दिवस बंद राहील, दुसरं बाथरूम आहे ना ते बघा, एकच असतं तर त्या दिवसांचं भाडं कमी करायचं बोलणं मी काम सुरू व्हायच्या आधीच करून घेतलं असतं.

बादलीची टेस्ट झाली की दोन्ही रात्रींचं काय निघालं ते इथे लिहा, आणि नहाणी ट्रॅपच्या कडेचा जवळून एक फोटो टाका, टॉर्च लावून.